बर्फावर फोर बाय फोर आणि एबीएस: फ्यूज काढायचा की नाही?

घाटवाटकर
नमस्कार मंडळी,
जानेवारीत आम्ही चौघं मित्र पुण्याहून मनाली आणि तिथून अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सू, जमलं तर केलाँग असा बेत करतोय. गाडी फोर बाय फोर, डिझेल, मॅन्युअल, पार्ट टाइमवाली म्हणजे लिव्हर ओढून फोर-हाय (चारी चाकांना ताकद, नेहमीचे गिअर) नाहीतर फोर-लो (चारी चाकांना ताकद, पण गाडी खूप हळू आणि जोर जास्त) करायची. टायर गाडीबरोबर आलेले एटी, म्हणजे ऑल टेरेन, कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे. सह्याद्रीतले घाट भर पावसात, धुक्यात केलेत त्यामुळे वळणांची भीती नाही, पण बर्फावर आमच्यातल्या एकानेही गाडी चालवलेली नाही.

आता भांडण असं. एक मित्र (त्याचा मेव्हणा चंदीगडला असतो म्हणून हा तज्ज्ञ) म्हणतो बर्फ लागला की एबीएसचा फ्यूज काढून खिशात टाकायचा, कारण एबीएस बर्फावर ब्रेक लागूच देत नाही, पेडल नुसतं थरथरतं आणि गाडी चालली पुढे. दुसरा म्हणतो वेडा आहेस का, एबीएस बर्फासाठीच तर काढलंय. तिसरा म्हणतो फोर बाय फोर घेतलीय ना, मग कशाला डोकं खाताय. ज्यांनी खरोखर बर्फात चालवलंय त्यांनी सांगा. यूट्यूबच्या लिंका नकोत, त्या सगळ्या बघून झाल्यात.

टवाळ_पोर
आणि चौथा काय म्हणतो?

घाटवाटकर
चौथा मीच. गाडीचे हप्ते मी भरतो, त्यामुळे मी काही न म्हणता धागा काढलाय.

मिनेसोटाचा_मामा
तुमच्या तिसऱ्या मित्राला आधी हे वाचायला द्या.

फोर बाय फोर म्हणजे इंजिनाची ताकद चारी चाकांना जाते, बस. गाडी जागची हलवायला आणि चढ चढायला त्याचा उपयोग. ब्रेक मात्र जगातल्या प्रत्येक मोटारीला चारी चाकांना असतो, अल्टोलासुद्धा. त्यामुळे थांबायची वेळ आली की तुमची फोर बाय फोर आणि शेजारची हॅचबॅक एकाच रांगेत, उलट तुमची जड. आमच्याकडे पहिला बर्फ पडला की हायवेच्या कडेच्या खळग्यात जी मंडळी उतरलेली दिसतात त्यात पिकअप आणि एसयूव्ही भरपूर असतात, आणि मला त्याचं अजिबात नवल वाटत नाही. टू व्हील ड्राइव्हवाल्याची चाकं सिग्नललाच जागच्या जागी फिरतात, त्याला तिथेच कळतं आज रस्ता कसा आहे, तो जपून जातो. फोर बाय फोरवाला सुळकन निघतो आणि त्याला पहिली बातमी मिळते ती थेट ब्रेक मारल्यावर.

मी इथे सकाळी निघालो की गल्लीतच, मागे कोणी नाही बघून, पंधरा-वीसच्या स्पीडला ब्रेक थोडा दाबून बघतो. पायाखाली कुरकुर झाली की त्या दिवशीचं गणित कळलं. फ्यूज वगैरे काढणारा इथे मला कोणी भेटलेला नाही, पण माझं गाव सपाट आहे, तुमचा घाट आहे, तेव्हा घाटातल्या लोकांचंही ऐका.

प्रश्नचिन्ह
बेसिक प्रश्न, हसू नका. एबीएस नेमकं करतं काय?

गॅरेजवाले_बापू
हसत नाही. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो, चाक किती फिरतंय ते मोजतो. ब्रेक मारल्यावर एखादं चाक एकदम थांबायला लागलं म्हणजे लॉक व्हायला लागलं की कॉम्प्युटर त्या चाकाचं ब्रेक ऑइलचं प्रेशर सोडतो, चाक परत फिरलं की परत देतो. हे सेकंदाला दहा-पंधरा वेळा. पायाला जी थरथर लागते ती तीच. बरीच गिऱ्हाइकं थरथर लागली की घाबरून पाय काढतात आणि दुसऱ्या दिवशी गाडी माझ्याकडे आणून म्हणतात बापू ब्रेक खराब झालेत. थरथरला की पाय अजून दाबायचा, काढायचा नाही. आणि जुन्या लोकांची पंप करायची सवय, म्हणजे दाब-सोड दाब-सोड, ती एबीएसच्या गाडीत करायची नाही, ते काम गाडी तुमच्यापेक्षा लवकर करते.

चाक फिरत राहिलं तरच स्टेअरिंग चालतं. लॉक झालेलं चाक कुठेही वळवा, गाडी सरळच जाणार.

जुनी_मोटार
अवांतर, पण राहवत नाही. फोर व्हील ड्राइव्ह आणि अँटी-लॉक ब्रेक (म्हणजेच एबीएस) ही जोडी आजची नाही. १९६६ साली इंग्लंडात जेन्सन एफएफ नावाची गाडी आली, तिच्यात फर्ग्युसनची फोर व्हील ड्राइव्ह आणि डनलॉपचं मॅक्सारेट, जे मुळात विमानाच्या चाकांसाठी केलेलं पूर्ण यांत्रिक अँटी-लॉक. कॉम्प्युटर वगैरे काही नाही. गाड्या बनल्या फक्त ३२०. आजचं इलेक्ट्रॉनिक एबीएस बॉशने १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासला दिलं. आणि आपल्याकडे सगळ्या मोटारींना ते सक्तीचं व्हायला २०१९ चा एप्रिल उजाडला.

टवाळ_पोर
म्हणजे ५३ वर्षं आपण पंपच करत होतो.

चाकणकर_इंजि
ब्रेक सिस्टिमच्या कंपनीत कॅलिब्रेशनचं काम करतो. आमच्या लोकांना हिवाळ्यात स्वीडनला आर्येप्लोगला पाठवतात, तिथे गोठलेल्या तळ्यांवर युरोपातले झाडून सगळे गाडीवाले आणि ब्रेकवाले टेस्टिंगला येतात. त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

सगळा खेळ रबर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीचा, आम्ही त्याला म्यू म्हणतो. कोरड्या डांबरावर म्यू साधारण ०.७ ते ०.८. गाड्यांनी दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ०.२ ते ०.३. आणि पाणी गोठून झालेल्या गुळगुळीत बर्फावर ०.१, वरती ओल असेल तर त्याहूनही कमी. आता ४० च्या स्पीडला सपाट रस्त्यावर ब्रेक मारला तर कोरड्यावर ९ मीटरच्या आसपास थांबाल. ०.१ वर तेच अंतर ६३ मीटर. २० च्या स्पीडला १६ मीटर. यात तुम्हाला समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर धरलेलं नाही. एबीएस हा म्यू वाढवत नाही. जेवढा आहे त्यातला थोडा थांबायला आणि थोडा वळायला वाटून देतं, एवढंच.

पण घाटवाटकर, तुमच्यासाठी खरा आकडा पुढचाच आहे. दहा मीटरला एक मीटर उतरणारा रस्ता घ्या, घाटात हे नेहमीचं. तिथे म्यू ०.१ असेल तर उतार जेवढा खाली ओढतो तेवढंच ब्रेक मागे धरतो. बेरीज शून्य. म्हणजे गाडीचा स्पीड कमी होणारच नाही. एबीएस असो नसो, फ्यूज आत असो की मित्राच्या खिशात, ज्या स्पीडने बर्फावर शिराल त्याच स्पीडने खाली जाल. बर्फ जरा ओला असेल तर स्पीड वाढत जाईल. सोलंगच्या बाजूला गाड्या संथपणे घसरत एकमेकींवर जातानाचे जे व्हिडिओ दर हिवाळ्यात फिरतात ते बहुतेक हेच आहे. ड्रायव्हर ब्रेकवर उभा असतो हो, ब्रेकला धरायलाच काही नसतं.

घाटवाटकर
बाप रे. हे कोणी असं सांगितलंच नव्हतं. उताराचा विचार आमच्या डोक्यातच नाही, आम्ही सगळे चढाचंच बोलत होतो.

उलटा_प्रवाह
सगळे एबीएसची आरती करताय म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. घाटवाटकरांचा मित्र अगदीच चूक नाहीये. ताज्या भुसभुशीत बर्फात किंवा खडीवर लॉक झालेलं चाक आपल्यापुढे बर्फाचा ढीग गोळा करतं आणि त्या ढिगाला अडून गाडी लवकर थांबते. एबीएस चाक सतत फिरवत ठेवतं त्यामुळे ढीग होतच नाही आणि थांबायचं अंतर वाढतं. हे मी म्हणत नाही, गाड्यांच्या मॅन्युअलमध्येच छापलेलं असतं की खडी आणि ताज्या बर्फावर एबीएसच्या गाडीला जास्त अंतर लागू शकतं. जुन्या ऑडी क्वाट्रोला तर डॅशबोर्डवर एबीएस बंद करायचं बटणच होतं. जर्मन लोकांनी ते उगाच दिलं होतं का?

चाकणकर_इंजि
@उलटा_प्रवाह, भुसभुशीत बर्फाचं शंभर टक्के बरोबर. पण तो ढीग गोठलेल्या गुळगुळीत थरावर होत नाही, तिथे लॉक केलेलं चाक नुसतं घसरतं. आणि ढीग गोळा होत असताना स्टेअरिंग मेलेलं असतं. सपाट मोकळ्या मैदानात पाच मीटर आधी थांबणं छान आहे, घाटात एका बाजूला दरी असताना मी तरी ते पाच मीटर देऊन वळायची सोय घेईन.

क्वाट्रोच्या बटणामागे आणखी एक भानगड होती आणि ती थेट या धाग्याच्या प्रश्नाची आहे. त्या गाडीत मधला आणि मागचा डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) लॉक करता यायचा, आणि मागचा लॉक केला की एबीएस बंद व्हायचं. कारण एबीएसला चारी चाकं स्वतंत्र फिरताना दिसायला हवीत. एक चाक बाकी तिघांपेक्षा फार मंदावलं की ते लॉक होतंय असं कॉम्प्युटर समजतो. तुमच्या पार्ट टाइम गाडीत फोर-हाय टाकलं की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारे दांडे) एकमेकांना पक्के जोडले जातात. आता पुढच्या चाकांना ब्रेक लागला की ती मागच्यांनाही बरोबर ओढतात. बर्फावर चारी चाकं एकदम मंदावली तर तुलना कोणाशी करणार? कॉम्प्युटरला वाटतं, अरे वा, गाडीच थांबत आली. प्रत्यक्षात चाकं थांबलीत आणि गाडी चाललीय.

म्हणून फोर बाय फोरच्या एबीएसमध्ये एक जी-सेन्सर टाकतात. चाकं काहीही म्हणोत, गाडी खरोखर किती जोरात मंदावतेय ते तो वेगळं मोजतो. चाकं म्हणतायत थांबलो आणि जी-सेन्सर म्हणतोय काहीच मंदावलेलं नाही, तर कॉम्प्युटर समजतो की खाली बर्फ आहे आणि प्रेशर सोडतो. जुन्या काळच्या अनेक गाड्यांत हे नव्हतं म्हणून फोर बाय फोर टाकलं की एबीएस बंद असा सरळ उपाय असायचा. चंदीगडच्या मेव्हण्याची गोष्ट बहुधा त्या पिढीतून उतरत आलीय.

प्रश्नचिन्ह
मग त्या व्हिडिओंमध्ये चाकं पूर्ण थांबलेली आणि गाडी घसरतेय असं का दिसतं? एबीएस तर असेलच ना त्या गाड्यांना.

चाकणकर_इंजि
चांगलं निरीक्षण. एबीएस अगदी कमी स्पीडला, चालण्याच्या वेगाच्या आसपास, काम थांबवतं, नाहीतर गाडी कधीच पूर्ण उभी राहिली नसती. हे लोक मुंगीच्या पावलांनी उतरत असतात, ब्रेक मारतात, चाकं क्षणात थांबतात, आणि त्यानंतर गाडी घसरायला लागते. एबीएसच्या हिशेबी गाडी उभी आहे. अशा वेळी ब्रेक गच्च धरून बसण्यापेक्षा थोडा सोडून चाकं फिरू द्यायची, म्हणजे निदान स्टेअरिंग येतं आणि गाडी डोंगराच्या बाजूला, भुसभुशीत बर्फाच्या कडेला घालता येते. ब्रेक सोडायला मन तयार होत नाही हे मला माहीत आहे, आर्येप्लोगला पहिल्यांदा आलेल्या प्रत्येकाचं होत नाही. आणि गाडीतून उडी मारू नका. तुम्हीही त्याच बर्फावर पडणार आणि तुमचीच गाडी तुमच्यावर येणार.

सुभेदार_निवृत्त
जय महाराष्ट्र. सातारा जिल्हा. फौजेत एमटी म्हणजे मोटार ट्रान्सपोर्टचा ड्रायव्हर होतो, द्रास आणि झोजिलाच्या पट्ट्यात नोकरी झालीय. आमच्या काळात जिप्सीला कसलं एबीएस न काय. तरी गाड्या चालत होत्या, आणि पोरं जिवंत घरी येत होती.

पोरांनो ऐका. उतरायला लागायच्या आधी वरतीच गाडी उभी करायची, फोर-लो टाकायचं, पहिला गिअर, आणि मग सोडायची. क्लच दाबायचा नाही. ब्रेकवर पाय नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. इंजिन गाडी धरतं आणि चारी चाकाला सारखं धरतं. अर्ध्या उतारात गिअर बदलायची आठवण झाली तर उशीर झालेला असतो, क्लच दाबला की गाडी सुटली. दोन गाड्यांत अंतर एवढं ठेवायचं की पुढचा फिरला, आडवा झाला तरी आपल्याला त्याच्यापर्यंत जायलाच लागू नये. पुढची गाडी पूर्ण खाली उतरल्याशिवाय मागची सोडायची नाही.

आणि टायरवर घालायची चेन. आम्ही नॉन-स्किड चेन म्हणतो. बर्फ सुरू व्हायच्या आधी कोरड्यात लावायची. बर्फात अडकल्यावर गुडघ्यावर बसून गार हातांनी चेन लावून बघा म्हणजे कळेल मी काय म्हणतोय. सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतर सावलीतला रस्ता टाळायचा. दिवसा नाल्याचं पाणी रस्त्यावर येतं, रात्री गोठतं, सकाळी नुसता ओला रस्ता वाटतो आणि असतो बर्फ.

मिनेसोटाचा_मामा
सुभेदार साहेब, सलाम. तुमचा शेवटचा परिच्छेद छापून डॅशबोर्डवर चिकटवण्यालायक आहे.

चाकणकर_इंजि
+१. सुभेदार साहेबांच्या फोर-लोला तांत्रिक कारणही आहे. फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या म्हणजे टू-हायमधल्या गाडीत बर्फावर गिअर एकदम खाली टाकला तर इंजिन फक्त मागची दोन चाकं धरतं, ती लॉक होतात आणि गाडीचं ढुंगण पुढे यायला बघतं. फोर बाय फोरमध्ये तोच दाब चार चाकांत वाटला जातो. म्हणजे मामा म्हणतात ते खरंच आहे की फोर बाय फोर ब्रेकिंगला मदत करत नाही, पण इंजिन ब्रेकिंगला मात्र नक्की करते. आणि ऑटोमॅटिक असती तर हे सगळं एवढं पक्कं मिळालं नसतं, मॅन्युअल आहे ते बरं आहे.

टवाळ_पोर
पहिल्यांदाच या साइटवर दोन तज्ज्ञांचं एकमत झालेलं बघतोय. स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

आर्क्टिक_अनघा
फिनलंडमधून, ओउलू. उशिरा आले, धागा आवडला. टायरबद्दल कोणीच बोलत नाहीये याचं आश्चर्य वाटलं. इथे १ नोव्हेंबर ते ३१ मार्च, हवा तशी असेल तर हिवाळी टायर कायद्यानेच लागतात आणि बरेच जण खिळेवाले म्हणजे स्टडेड घालतात. एबीएस, फोर बाय फोर, ईएससी (गाडी घसरून फिरायला लागली की सावरणारी यंत्रणा) हे सगळे शेवटी चार तळहाताएवढ्या रबरातूनच काम करणार. साधं उन्हाळी रबर ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. खिळ्यांचे टायर घातलेली साधी टू व्हील ड्राइव्ह गाडी गुळगुळीत बर्फावर उन्हाळी टायरवाल्या फोर बाय फोरपेक्षा खूपच आधी थांबते, इथे यावर कोणी वादसुद्धा घालत नाही.

दुसरं म्हणजे थंडी जास्त म्हणजे घसरडं जास्त असं नसतं. उणे २५ ला बर्फ खरखरीत असतो, बरी पकड मिळते. सगळ्यात वाईट दिवस शून्याच्या आसपासचा, जेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो. देवळातल्या ओल्या फरशीवर पायमोजे घालून चालून बघा, तसं. तुमच्या घाटात दुपारी ऊन पडून नेमकं हेच होत असणार.

घाटवाटकर
@अनघाताई, आमच्या टायरवर एम प्लस एस लिहिलंय, ते चालेल ना?

आर्क्टिक_अनघा
एम प्लस एस म्हणजे चिखल आणि बर्फ, पण ते मुख्यतः नक्षीच्या रचनेवरून लिहिलेलं असतं, त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. डोंगराची तीन शिखरं आणि आत हिमकण असं चिन्ह शोधा, त्याला चाचणी असते. तीसुद्धा दाबलेल्या भुसभुशीत बर्फावरची, गुळगुळीत बर्फावर ब्रेक लावण्याची नाही. तुमच्या एटी टायरवर ते चिन्ह नसेल तर भुसभुशीत बर्फात टायर बरे चालतील, गोठलेल्या पाण्यावर त्यांच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका.

मॉन्ट्रियलची_मैना
आमच्या क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत, एसयूव्ही असो की काही असो, पोलीस दंड करतात. नवीन आलेले देशी लोक हमखास विचारतात की ऑल व्हील ड्राइव्ह घेतली तर टायरचे पैसे वाचतील का. नाही वाचत.

मिनेसोटाचा_मामा
आणि आमच्या मिनेसोटात इथल्या लोकांना खिळ्यांच्या टायरला बंदी आहे, रस्ते उखडतात म्हणून. अनघाताईंचा हेवा वाटतो.

कुंपणावरचा
तांत्रिक चर्चा उत्तम. पण माणसाचं काय? ऐंशीच्या दशकात म्युनिकमध्ये टॅक्सींवर एक अभ्यास झाला होता. एकाच ताफ्यातल्या काही गाड्यांना एबीएस, काहींना नाही. अपघात काही कमी झाले नाहीत, कारण एबीएसवाले ड्रायव्हर वळणं जोरात घ्यायला लागले, पुढच्या गाडीला जास्त चिकटून चालवायला लागले. सुरक्षिततेचा जो फायदा मिळाला तो त्यांनी वेगात खर्च करून टाकला. मनालीच्या रस्त्यावर तर पोलीसच बर्फ पडला की फोर बाय फोर तेवढ्या पुढे सोडतात. म्हणजे ज्याला सोडलं त्याला वाटतं आपल्याला सरकारी प्रमाणपत्र मिळालं.

उलटा_प्रवाह
हे मात्र पटलं. माझा फ्यूजचा मुद्दाही खरं तर तोच होता.

टवाळ_पोर
तुमचा फ्यूजचा मुद्दा तो नव्हता हो दादा, वर वाचा, ढीग होता. बर्फाचा.

गॅरेजवाले_बापू
फ्यूजचंच उरलंय ते सांगतो. नव्या गाडीत एबीएसचा फ्यूज काढला की नुसतं एबीएस जात नाही. ईबीडी जातं, म्हणजे मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा ते ठरवणारा. मग मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गरकन फिरते, बर्फावर तर पहिल्या फटक्यात. ईएससी जातं, हिल होल्ड (चढावर गाडी मागे न जाऊ देणारा) जातो, हिल डिसेंट (उतारावर आपोआप हळू उतरवणारा) असेल तर तोही, कारण ते सगळे एबीएसच्याच पंपावर चालतात. काही गाड्यांत स्पीडोमीटरसुद्धा बंद पडतो. आणि वाटेत काही झालं तर विम्याचा सर्व्हेअर विचारणार, डॅशबोर्डवर हे सगळे लाल-पिवळे दिवे का लागलेत. त्याला मेव्हण्याचा फोन लावून द्याल का?

जुन्या गाडीत करत होते लोक. नव्या गाडीत करू नका. कंपनीने बटण दिलंय तेच बंद करा, आणि ते बहुतेक वेळा ट्रॅक्शन कंट्रोलचं (जागच्या जागी फिरणारं चाक आवरणारं) असतं, एबीएसचं नाही. भुसभुशीत बर्फात चढताना चाकं रुतली तर ते बटण उपयोगी पडतं.

घाटवाटकर
मंडळी, तिघांनाही धागा वाचायला दिला. फ्यूज जागेवर राहणार. तिसरा मित्र गप्प आहे, पहिल्याने मेव्हण्याला फोन केला तर कळलं मेव्हण्याची गाडी २००० च्या आधीची कुठली तरी इंपोर्टेड होती, इंजिनिअर साहेबांचा अंदाज बरोबर निघाला.

आता शेवटचं. आम्ही चेनचा एकच जोड घेतलाय. पुढे लावायचा की मागे? आणि फोर-हाय कुठे सुरू करायचं, मनालीपासूनच?

सुभेदार_निवृत्त
अजून एक जोड घे. पैसे नसतील तर एक मुक्काम कमी कर.

चाकणकर_इंजि
साहेबांशी सहमत. फक्त मागे लावली तर उतारावर पुढची चाकं वळणार नाहीत, फक्त पुढे लावली तर ब्रेक मारताच पुढचा भाग धरेल, मागचा धरणार नाही आणि गाडी फिरेल. चारी चाकांना लावा. एकच जोड असेल तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये कुठे लिहिलंय ते पाळा, टायर आणि बॉडीमध्ये चेनला जागा आहे का तेही तिथेच असतं. चेन लावल्यावर ३०-४० च्या वर जायचं नाही.

फोर-हाय कोरड्या डांबरावर टाकू नका. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि शाफ्ट जोडलेले असल्यामुळे तो ताण गिअरबॉक्सवर जातो, स्टेअरिंग जड होतं, लिव्हर अडकतो. बर्फ सुरू झाला की टाका, कोरडं आलं की काढा. आणि बोगद्यात नऊ किलोमीटर कोरडा रस्ता, उबदार, उजेड, सगळ्यांचा पाय आपोआप जड होतो. पलीकडचं तोंड आलं की बाहेर काय आहे ते माहीत नसतं. शेवटच्या किलोमीटरला वीसवर या, मागचा हॉर्न मारेल, मारू द्या.

प्रश्नचिन्ह
चेन कोरड्यात लावायची आणि बोगदाही कोरडा, मग बोगद्यात चेन घालून जायचं?

सुभेदार_निवृत्त
काढायची आणि पलीकडे परत लावायची. म्हणून तर म्हणालो आधी घरी अंगणात लावायचा सराव करा. चौघं आहात ना, एकेकाला एकेक चाक.

टवाळ_पोर
तिसऱ्या मित्राला दोन द्या.

कुंपणावरचा
आणि कोणीतरी डिझेलचं विचारा. केलाँगला रात्री किती उतरतं माहितीये का? पुण्याचं डिझेल टाकीत घेऊन गेलात तर सकाळी एबीएसचा प्रश्नच येणार नाही, गाडी सुरूच होणार नाही.

गॅरेजवाले_बापू
बरोबर, डिझेलमधलं मेण थंडीत जमतं आणि फिल्टर चोकअप होतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ पर्यंत न गोठणारं डिझेल काढलंय. घाटवाटकर, मनालीला पोचेपर्यंत पुण्याकडचं डिझेल संपवा, तिथे पंपावर हिवाळी डिझेल आहे का विचारा, आणि वर जायच्या आधी टाकी तिथलीच फुल करा.

घाटवाटकर
हे तर नवीनच निघालं. डिझेलसाठी वेगळा धागा काढतो, लिंक इथे देतो.